नेट गेलं? रिस्टार्ट करायच्या आधी अपटाइम बघा

(ह्या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले पन्नासेक 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' कापलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुम्हीच लावून धरलाय. मेसेज बॉक्समध्ये एकच सूर आहे: "दादा, घरचं नेट सारखं जातं. राऊटर बंद-चालू केला की येतं, परत जातं. काय करू?" एकाने तर तिसरा राऊटर घेतलाय आणि तरीही तेच. त्यामुळे आज एआय नाही, स्टार्टअप नाही, नोकरीचा बाजार नाही. आज फक्त घरातला तो पांढरा किंवा काळा डबा, ज्याच्यावर आईने रुमाल टाकून ठेवलाय.

पहिलं वाक्य नीट ऐका, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. नेट गेलं की लगेच राऊटर रिस्टार्ट करू नका. दोन मिनिटं थांबा.

का? तर रिस्टार्ट केल्याने पुरावा पुसला जातो. राऊटर हा एक छोटा कॉम्प्युटर आहे, त्यात बहुतेक वेळा लिनक्स चालतं. तो किती वेळ चालू आहे, लाइन कधी जोडली गेली, शेवटची चूक काय आली, हे सगळं त्याला माहीत असतं. पण ही माहिती बहुतेक घरगुती राऊटरमध्ये रॅममध्ये असते. प्लग ओढला की गेली. म्हणजे चोर पळून गेल्यावर आपण स्वतःच फरशी पुसून घेतो आणि मग पोलिसांना बोलावतो.

तर मग बघायचं काय? मोबाइलचा डेटा बंद करा, वाय-फायला जोडलेले राहा, आणि ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाका. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. नसला तर फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर टॅप करा, तिथे 'गेटवे' म्हणून दिलेला असतो. युजरनेम-पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. नेट नसलं तरी हे पान उघडतं बरं का, कारण ते पान इंटरनेटवर नाही, तुमच्या डब्यातच आहे. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आत 'स्टेटस' किंवा 'डिव्हाइस इन्फो' असं काहीतरी सापडेल. तिथे दोन आकडे शोधा. एक, सिस्टिम अपटाइम, म्हणजे डबा किती वेळ सलग चालू आहे. दोन, वॅन अपटाइम किंवा कनेक्शन टाइम, म्हणजे कंपनीशी जोडणी किती वेळ टिकून आहे. स्क्रीनशॉट काढा. मग खुशाल रिस्टार्ट करा.

आता ह्या दोन आकड्यांवरून काय कळतं ते सांगतो. समजा तुम्ही राऊटरला हातही लावला नाही आणि सिस्टिम अपटाइम दाखवतोय तीन मिनिटं. म्हणजे डबा स्वतःच बंद पडून परत चालू झाला. गडबड विजेची आहे, अडॅप्टरची आहे, उष्णतेची आहे, नाहीतर डबाच क्रॅश होतोय. बाहेरच्या केबलचा ह्यात संबंध नाही. समजा सिस्टिम अपटाइम अकरा दिवस आहे, पण वॅन अपटाइम तीन मिनिटं. म्हणजे डबा ठणठणीत, पण बाहेरची जोडणी तुटून परत लागली. आता फायबर, जॉइंट, कंपनीची बाजू, लॉगिन. आणि दोन्ही आकडे अकरा दिवस, तरीही फोनवर नेट नाही? मग भानगड घरातल्या घरात आहे, वाय-फाय किंवा डीएनएस. तीन दिशा. कस्टमर केअरच्या "सर, एकदा रीस्टार्ट करून बघा" पेक्षा हे तीन मिनिटांत कितीतरी पुढे नेतं.

आता एक खरी केस सांगतो. साताऱ्याहून एका मैत्रिणीचा मेसेज आला होता, परवानगी घेऊन सांगतोय, नाव नको म्हणाली. ती एका कंपनीच्या चॅट सपोर्टमध्ये घरून काम करते, दुपारी तीन ते रात्री अकरा. संध्याकाळी पावणेसात ते सव्वासातच्या मध्ये तिचं नेट दोनदा-तीनदा जायचं. प्रत्येक वेळी दोन-अडीच मिनिटं. ऐकायला काहीच नाही. पण तिच्या सिस्टिममध्ये प्रत्येक डिस्कनेक्टची नोंद होते, कस्टमर मध्येच लटकतो आणि रेटिंग पडतं. टीम लीडने स्पष्ट सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर पुण्याच्या ऑफिसला येऊन काम करावं लागेल. आणि घरी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरं कोणी नाही. म्हणजे तिच्यासाठी ती अडीच मिनिटं म्हणजे नोकरी किंवा आई असा हिशोब होता.

केबलवाले तीनदा येऊन गेले होते. तिन्ही वेळा सकाळी अकराला. सकाळी अकराला नेट एकदम झकास! स्पीड टेस्ट करून दाखवली, "मॅडम, लाइन ओके आहे," आणि गेले. राऊटर दोनदा बदलून दिला. फरक शून्य.

मी तिला एवढंच म्हटलं, आज सातला गेलं की अपटाइमचा फोटो पाठव. सात वाजून नऊ मिनिटांनी फोटो आला. सिस्टिम अपटाइम, दोन मिनिटं. म्हणजे डबा रीबूट झाला होता. दोन वेगवेगळे राऊटर एकाच वेळी, एकाच पद्धतीने रीबूट होतील? शक्यता कमी. मग दोन्हींत सामाईक काय? मी विचारलं, "राऊटर बदलला तेव्हा अडॅप्टर पण बदलला का गं?" ती म्हणाली, "नाही, तो टीव्ही युनिटच्या मागे बोर्डात अडकलाय, दादा म्हणाले पिन सेम आहे, चालेल."

इथे थोडं थांबू, कारण माझ्या मते वारंवार जाणाऱ्या नेटच्या प्रकरणात अडॅप्टरवर जितका कमी संशय घेतला जातो तितका दुसऱ्या कशावरच नाही.

अडॅप्टर २३० व्होल्टची एसी वीज घेऊन १२ व्होल्टची डीसी करून देतो. आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १०० वेळा व्होल्टेज शून्याला टेकतं. त्या मधल्या दहा-दहा मिलिसेकंदांच्या फटीत आत एक कपॅसिटर असतो, तो साठवलेली वीज पुरवत राहतो. आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखं समजा. नळाला पाणी नसलं तरी टाकी आहे म्हणून घरात पाणी येतं. नवीन अडॅप्टरमध्ये ही टाकी मोठी असते, वीज क्षणभर दबली तरी निभावून नेते. पण हे कपॅसिटर इलेक्ट्रोलायटिक, म्हणजे आत द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एक ठोकताळा आहे, तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. टीव्ही युनिटच्या मागे, हवा नाही, चोवीस तास चालू. दोन-तीन वर्षांत टाकीची बादली होते. मग बाहेर वीज पापणी लवेपर्यंत दबली तरी १२ चे ९ होतात आणि राऊटर रीबूट.

आणि मिक्सर, फ्रिज, ट्यूबलाइट ह्यांना त्याचं काही वाटत नाही, त्यामुळे "आमच्याकडे लाइट जात नाही हो" असं घरातले छातीठोकपणे सांगतात.

मग संध्याकाळी सातलाच का? मी विचारलं, सोसायटीत सातला काय होतं? ती हसली. सोसायटीचा पाण्याचा पंप. वॉचमनकाका पावणेसात-सातला चालू करतात, टाकी भरेपर्यंत दोन-तीनदा बंद-चालू करतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट करंट क्षणभर खेचते, तेवढ्यात बिल्डिंगचं व्होल्टेज दबतं. ट्यूब किंचित लुकलुकते, ते तिने पाहिलेलं होतं, पण नेटशी कोण जोडणार?

सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर १२ व्होल्ट, १.५ अँपिअरचा होता, राऊटरला १२ व्होल्ट, १ अँपिअर लागत होता. तो लावला. चार दिवस, एकही डिस्कनेक्ट नाही. मग तिने जे केलं त्याचं मला फार कौतुक वाटलं. सुट्टीच्या दिवशी तिने मुद्दाम जुना अडॅप्टर परत लावला आणि सातची वाट बघत बसली. सात वाजून पाच मिनिटं, धप्प. ह्याला म्हणतात टेस्टिंग! आमच्या ऑफिसात बग फिक्स झाला म्हणून तिकीट बंद करणारे पुष्कळ, बग परत आणून दाखवणारे फार थोडे.

अडीचशे रुपयांचा नवा अडॅप्टर आला. तिने तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट टीम लीडला पाठवले. आधीचे दोन शेरे काही पुसले गेले नाहीत, पण पुण्याला यायचं बोलणं थांबलं.

अडॅप्टर बदलताना तीन गोष्टी. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, १२ ला १२, ९ ला ९. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नको. आणि पिनची पोलॅरिटी, स्टिकरवर गोलातलं प्लस-मायनसचं चिन्ह असतं, ते जुळलं पाहिजे. पिन आत जाते म्हणून चालेल, असं नसतं. आणखी एक, मल्टीमीटरने नुसता अडॅप्टर तपासू नका. लोड नसताना थकलेला अडॅप्टरसुद्धा १२ दाखवतो. राऊटर लावला की खरा रंग दिसतो. त्यामुळे दुसरा लावून बघणं हीच सोपी परीक्षा.

इन्व्हर्टरवाल्यांसाठी एक ओळ. लाइट गेली की राऊटर रीबूट होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाइटवरून बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो, यूपीएस मोडमध्ये कमी. किंवा राऊटरसाठी छोटे मिनी यूपीएस मिळतात, ते थेट १२ व्होल्ट डीसी देतात. मात्र तुमची लाइन कोणती आहे ते आधी विचारा. शुद्ध फायबर घरापर्यंत असेल तर मधल्या रस्त्यात वीज लागतच नाही, खांबावरचा स्प्लिटर हा फक्त काचेचा खेळ आहे, त्यामुळे अख्ख्या गल्लीची लाइट गेली तरी तुमचं नेट चालू राहू शकतं. पण गच्चीवर स्विच बसवून तिथून तांब्याची लॅन केबल घरात आणली असेल, तर त्या स्विचलाच वीज नाही. मग तुमच्या मिनी यूपीएसचा उपयोग डब्यावरचे दिवे बघण्यापुरता.

आता दुसरी दिशा. डबा चालू, बाहेरची जोडणी तुटलेली.

फायबरच्या डब्यावर, ज्याला ओएनटी म्हणतात, दोन दिवे महत्त्वाचे. पॉन आणि एलओएस. एलओएस म्हणजे लॉस ऑफ सिग्नल. तो लाल लुकलुकतोय म्हणजे कंपनीकडून येणारा प्रकाशच पोहोचत नाहीये. इथे शंभरदा रिस्टार्ट करा, काही होणार नाही, तार तुटलीये किंवा निसटलीये. पॉन हिरवा स्थिर म्हणजे प्रकाश येतोय आणि ओळख पटलीये. पॉन लुकलुकत राहिला, एलओएस बंद, म्हणजे प्रकाश येतोय पण पलीकडचं मशीन तुमच्या डब्याला आत घेत नाहीये. हे कंपनीनेच त्यांच्या सिस्टिममधून सोडवायचं असतं. कॉल करताना "नेट गेलंय" म्हणू नका, "एलओएस लाल आहे" किंवा "पॉन ब्लिंक होतोय" म्हणा. समोरचा माणूस लगेच सरळ बसतो, अनुभव आहे.

पण जास्त त्रासदायक आहे ते अधूनमधून जाणं. त्याच्यासाठी एक आकडा आहे, आरएक्स पॉवर. स्टेटसच्या पानावर 'पॉन' किंवा 'ऑप्टिकल' मध्ये दिसेल, उणे अठरा, उणे बावीस डीबीएम असा काहीतरी. हा म्हणजे तुमच्यापर्यंत पोहोचणारा उजेड. उणे असल्यामुळे आकडा मोठा म्हणजे उजेड कमी, इथे लोक गोंधळतात. दर तीन डीबीला उजेड निम्मा होतो. उणे वीस म्हणजे मिलिवॉटचा शंभरावा भाग, एवढ्याशा प्रकाशावर तुम्ही आयपीएल बघता! साधारण डब्याची मर्यादा उणे सत्तावीसच्या आसपास संपते. उणे पंधरा ते उणे चोवीस असेल तर निवांत राहा. उणे सव्वीस असेल तर तुम्ही काठावर उभे आहात, जरा पाऊस पडला, जॉइंट बॉक्समध्ये पाणी गेलं, की गेलात. हा आकडा आठवडाभर रोज लिहून ठेवा. मागच्या महिन्यात उणे वीस आणि आता उणे पंचवीस, तर मधे कुठेतरी काहीतरी बिघडलंय, हे सांगायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

घरातल्या घरात काय बघायचं? फायबरची बारीक वायर कुठे मुरडलीये का. प्रकाश काचेतून वळणावर बाहेर सांडतो. माझा साधा नियम, बांगडीपेक्षा लहान वळण नको. जास्तीची वायर खिळ्याला गुंडाळून वर कॅलेंडर लावलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. दुसरं, कनेक्टरचा रंग. हिरवा कनेक्टर हिरव्यातच जातो, निळा निळ्यात. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात, पण टोकं नीट भिडत नाहीत आणि उजेड वाया जातो. आणि काही झालं तरी फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका. तो प्रकाश इन्फ्रारेड आहे, दिसत नाही, म्हणून नाहीये असं नाही. टोकाला बोटही लावू नका, बोटाचं तेल पुरेसं आहे.

बाकी बाहेरची कारणं तुम्हाला माहीतच आहेत. रस्त्याची खोदाई, पावसाळ्याआधीची फांद्यांची छाटणी, खांबावर चढणारे शुभेच्छांचे बॅनर, उंदीर. ह्यात आपण फोन करण्यापलीकडे काही करू शकत नाही.

लाइन ठीक, दिवे ठीक, पण 'इंटरनेट'चा दिवा लाल? हे लॉगिनचं प्रकरण. बऱ्याच स्थानिक कंपन्या पीपीपीओई वापरतात, म्हणजे तुमचा राऊटर युजरनेम-पासवर्ड देऊन आत जातो. वीज अचानक गेली की राऊटरला "मी निघालो" असं सांगायला वेळ मिळत नाही. पलीकडच्या सर्व्हरला वाटतं तुम्ही अजून आतच आहात. लाइट आली, राऊटर परत दार ठोठावतो, सर्व्हर म्हणतो, ह्या नावाचा माणूस आधीच आत बसलाय. काही मिनिटांनी जुनं सेशन मरतं, मग नवीन घेतलं जातं. म्हणून लाइट आल्यावर नेट नसेल तर दर तीस सेकंदांनी बटण दाबण्यापेक्षा पाच-दहा मिनिटं द्या, चहा घ्या.

आणि हात जोडून एक विनंती. रिस्टार्ट वेगळं आणि रीसेट वेगळं. डब्याच्या मागे बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबली की फॅक्टरी रीसेट होतो. त्यात तुमचं पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा नंबर सगळं उडतं. मग चालू असलेलं नेटही जातं आणि लाइनमन येईपर्यंत दोन दिवस. युट्यूबवर अर्धे व्हिडिओ हाच उपाय सांगतात, का ते देव जाणे. करायचंच असेल तर आधी वॅन सेटिंगच्या पानाचे फोटो काढा आणि पासवर्ड कंपनीकडून मागून लिहून ठेवा, कारण पानावर तो ठिपक्यांत दिसतो.

तिसरी दिशा. दोन्ही अपटाइम छान, पण फोन म्हणतो 'जोडलेलं आहे, इंटरनेट नाही'.

हे वाक्य फोन कशावरून म्हणतो माहितीये? अँड्रॉइड वाय-फायला जोडला की गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर छोटीशी विनंती पाठवतो. उत्तर म्हणून कोड २०४ आला पाहिजे, म्हणजे 'मिळालं, पण द्यायला काही नाही'. तो आला तर फोन खूश, नाही आला तर वाय-फायच्या चिन्हावर उद्गारचिन्ह. म्हणजे ते चिन्ह फक्त एवढंच सांगतं की हा एक निरोप पोहोचला नाही. का, ते सांगत नाही.

ते शोधायला तीन पिंग. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग लिहा, स्पेस, मग पत्ता. फोनवर पिंगची फुकट ॲप्स आहेत. आधी राऊटरचा पत्ता पिंग करा. उत्तर नाही, तर वाय-फायचा घोळ. आलं, तर ८.८.८.८ पिंग करा. उत्तर नाही, तर बाहेरचा घोळ. आलं, तर आता एखाद्या वेबसाइटचं नाव टाकून पिंग करा. आकडा चालतो पण नाव चालत नाही, म्हणजे डीएनएस. डीएनएस म्हणजे नावावरून आकडा शोधून देणारी डिरेक्टरी. कंपनीचा डीएनएस सर्व्हर झोपला की लाइन सुरू असूनही काही उघडत नाही. राऊटरमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका. पहिला गूगलचा, २००९ पासून चालू आहे, दुसरा क्लाउडफ्लेअरचा, २०१८ पासूनचा. दोन वेगळ्या कंपन्यांचे टाकायचे, म्हणजे एक पडला तर दुसरा.

वाय-फायचा घोळ निघाला तर आधी जागा बघा. गोदरेजच्या कपाटाच्या मागे, फ्रिजवर, चपलांच्या कपाटात राऊटर ठेवून "रेंज येत नाही" म्हणायचा हक्क आपल्याला नाही. लोखंड आणि पाणी, दोन्ही लहरींचे वैरी. आणि तो रुमाल काढा! बहुतेक डब्यांच्या स्टिकरवर किंवा माहितीपत्रकात चालण्याचं तापमान शून्य ते चाळीस अंश दिलेलं असतं. अकोल्यात, चंद्रपुरात मे महिन्यात खोलीतच चाळीस होतात, वर तुम्ही त्याला शाल पांघरताय.

मग चॅनल. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल फक्त तीन, १, ६ आणि ११. आणि सोसायटीत नेटवर्क दिसतात तीस. 'ऑटो' काढून ह्या तिघांतलं कमी गर्दीचं निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मायक्रोवेव्ह ओव्हनही ह्याच पट्ट्यात काम करतो, म्हणून कोणी पोहे गरम केले की तुमचा कॉल अडखळतो. जवळ असाल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. तिथेही एक गंमत आहे. ५२ ते १४४ मधले चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. राऊटरला रडारसारखं काही ऐकू आलं तर त्याला तो चॅनल लगेच सोडावा लागतो आणि अशा नव्या चॅनलवर बसण्याआधी निदान मिनिटभर ऐकत बसावं लागतं. तेवढा वेळ ५ गिगाहर्ट्झ गायब. विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी ३६ ते ४८ मधला चॅनल लावून बघा.

घरात दोन राऊटर असतील तर दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ नाही ना ते बघा, आणि दुसऱ्याचं डीएचसीपी बंद आहे ना तेही. दोन्ही राऊटर पत्ते वाटायला लागले की कुणाचा फोन कुणाकडे जातो, सकाळी चालतं, दुपारी नाही. दोन सासवांच्या घरातल्या सुनेसारखी अवस्था.

मग कोणी विचारेल, हे सगळं मान्य, पण रिस्टार्टने खरंच नेट येतं, ते का? येतं, कारण रिस्टार्टने बऱ्याच गोष्टी एकदम साफ होतात. राऊटर घरातल्या प्रत्येक जोडणीची नोंद एका तक्त्यात ठेवतो. लिनक्समध्ये जोडलेल्या टीसीपी कनेक्शनची नोंद, काही न बदलल्यास, पाच दिवस राहू शकते. स्वस्तातल्या डब्यात हा तक्ता काही हजारांचाच. टॉरंट, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, आठ फोन, स्मार्ट टीव्ही, की तक्ता भरतो आणि नवीन जोडणी नाकारली जाते. तेव्हा जुन्या चालू गोष्टी चालतात, नवीन पान उघडत नाही. रिस्टार्टने तक्ता रिकामा. दर तीन दिवसांनी असं होत असेल तर डब्याचं फर्मवेअर अपडेट आहे का बघा, नाहीतर डबा बदलायची वेळ आलीये. रोज होत असेल तर कारण बहुधा दुसरं आहे, वरती जा.

एक मोसमी सूचना. वळवाचा पाऊस, विजा चमकायला लागल्या, की अडॅप्टर बोर्डातून काढा. "आमचं फायबर आहे, काचेतून वीज येत नाही," बरोबर, काचेतून येत नाही. पण अडॅप्टरमधून येते आणि गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधून तर हमखास. बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची, लॅन केबलही काढायची.

शेवटी तक्रार. इथे साताऱ्याच्या मैत्रिणीचीच पद्धत वापरा. एक नोट उघडा: तारीख, वेळ, दोन्ही अपटाइम, आरएक्स पॉवर, दिव्यांचा फोटो. आठ दिवस. लाइनमन आले की नम्रपणे, "दादा, जरा पॉवर मीटर लावून रीडिंग दाखवता का? माझ्याकडे संध्याकाळी उणे सव्वीस येतंय." बहुतेक लाइनमन ह्यावर खूश होतात, कारण दिवसभर त्यांना नुसत्या शिव्या मिळतात आणि माहिती कोणी देत नाही. त्यांच्यावर चिडू नका, दिवसाला किती घरं करायची ते त्यांच्या हातात नसतं. आणि शक्य असेल तर ज्या वेळेला नेट जातं त्याच वेळेची व्हिजिट मागा.

तक्रार फोनवर केली तरी डॉकेट नंबर घ्याच, तो देणं कंपनीला बंधनकारक आहे. न सोडवता बंद केली तर त्याच कंपनीच्या अपीलेट ऑथॉरिटीकडे अपील करता येतं, त्याला फी नाही, पत्ता त्यांच्या वेबसाइटवर असतो. ट्राय वैयक्तिक तक्रारी स्वतः सोडवत नाही, त्यामुळे थेट तिथे लिहून वेळ घालवू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तीही वापरता येते. आणि बिल भरताना किती दिवस नेट बंद होतं ते तुमच्या नोटमध्ये लिहिलेलं असू द्या, सूट मागताना कामाला येतं.

तुमच्याकडे नेट जायची वेळ ठरलेली असेल तर ती आणि अपटाइमचा स्क्रीनशॉट पाठवा, दोन-तीन केसेस पुढच्या भागात घेऊ. स्क्रीनशॉट पाठवताना पीपीपीओईचं युजरनेम तेवढं झाकून पाठवा. चला, भेटू.